बुवांचं उत्तर

या, अशा जवळ सरकून बसा. मागं खांबाला टेकलेल्यांनीही पुढं यावं. आज पेटी बंद आहे, टाळ पिशवीत आहेत. गाण्याचं काही नाही, फक्त सांगायचं आहे. गोष्ट पत्रांची आहे. पत्रं गेली, जवळजवळ सगळी उघडली गेली, गोड गोड उत्तरं आली, आणि माणूस म्हणाल तर एकही आला नाही. असं का झालं ते सांगतो. ऐकताना मनात शंका आली तर येऊ द्या. या गोष्टीत शंकेनंच वाट दाखवली आहे, आणि वाट चुकवलीही तिनंच.

काळ फार लांबचा नाही. आज तुमच्या मांडीवर बसलेलं पोर लग्नाच्या वयाचं होईल, एवढंच पुढं चला. गाव मिरज. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, जिथं दारोदारी भोपळे वाळत घातलेले असतात, तिथं एका दुकानाच्या माडीवर रक्तसखा मंडळाची खोली. खोलीत कपाट, टेबल, रक्तदात्यासाठी एक आडवी खुर्ची आणि भिंतीवर रामचंद्रबुवा कुंभोजकरांचा फोटो: डोक्याला पागोटं, गळ्यात उपरणं, आणि आता काहीतरी हसवणारं बोलतील असे ओठ.

बुवा कीर्तनकार. एकदा कीर्तनाला जाताना त्यांची गाडी उलटली, आणि इस्पितळात कळलं की यांच्या रक्ताशी कुणाचंच रक्त जुळत नाही. ए, बी, ओ हे गट तर शाळेतली पोरंही सांगतात. या सगळ्यांच्या मुळाशी 'एच' नावाचा एक पाया असतो. त्यावर ए आणि बीचे मजले चढतात. ओला मजला नसतो, नुसता पाया. काही थोड्या माणसांच्या रक्तात तो पायाच नसतो. साध्या तपासणीत हे रक्त ओसारखं दिसतं, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं, तर शरीर त्याला शत्रू समजून तुटून पडतं. त्याला चालतं ते फक्त त्याच्यासारख्याच बिनपायाच्या माणसाचं. दहा हजारांत असा एखादा. डॉक्टर याला बॉम्बे गट म्हणतात. बुवा म्हणायचे, "म्हणजे मी मिरजेचा असून रक्तानं मुंबईकर निघालो!"

वाचले ते. आणि मग पुढचं सगळं आयुष्य कीर्तनातून आपल्यासारखी माणसं शोधत फिरले. त्यांची एक रीत होती. मध्यंतराला बुक्का लावून झाला की म्हणायचे, "आता एकेक नाव द्या. तुमच्या घरातलं, जे माणूस आज इथं असायला हवं होतं त्याचं." लोक नाव सांगत, बुवा ते चालीत घेत, सभा त्यामागून म्हणे. डोळे ओले झाले की बुवा हळूच सांगत, "या नावासाठी आपलं रक्त तपासून घ्या." अशी ती साखळी वाढली, कोल्हापूरपासून पार बेळगावापर्यंत. आणि मंडळाचा नियम ठरला: ज्याचं नाव एकदा घेतलं ते पुसायचं नाही. दाता वारला तरी दर महिन्याचं पत्र त्याच्या मेलवर जायचंच. पंगतीत एक पान वाढून ठेवावं, तसं.

बुवा गेल्यावर मंडळ त्यांच्या पत्नीनं, शालनताईंनी हाती घेतलं. आणि पत्रांचं काम पाहिलं विश्वास आवटी यांनी. आवटी म्हणजे बुवांच्या मागं टाळ धरून उभे राहणारे. नोकरी टेलिफोन खात्यातली, त्यामुळं यंत्रांची जाण. शालनताई त्यांना भावजी म्हणत, ते त्यांना वहिनी.

आता ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी सकाळपासून खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. रक्तपेढीची माणसं पिशव्या घेऊन बसली होती. शालनताईंनी दाण्याचे लाडू केले होते. आणि कोपऱ्यात, पोटावर हात ठेवून, नाझनीन मुजावर बसली होती.

नाझनीन त्याच गल्लीतली. तिचे अब्बा सतारीच्या तारा लावत. तिचं रक्त बिनपायाचं. वार खाली होती, म्हणजे बाळंतपणात रक्त जाणार हे ठरलेलं. स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवावं तर अंगात पुरेसं नाही. प्रयोगशाळेत रक्त तयार करायच्या बातम्या त्या काळी रोज येत, पण या गटाचं रक्त अजून बातमीतच होतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं: चार पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही.

"काकू," नाझनीन म्हणाली, "अकरा जण येणार म्हणालात. लाडू तर तसेच आहेत."

"येतील गं. लांबून यायचं असतं."

"मी एक खाऊ? आम्ही दोघं आहोत म्हणजे दोन."

दुपार झाली. रक्तपेढीतल्या मुलीनं घड्याळाकडं पाहिलं, मग शालनताईंकडं, आणि पिशव्या आवरायला घेतल्या. आवटी टेबलापाशी पडद्यावर बोट फिरवत होते.

"वहिनी, हे बघा. पत्रं उघडली शंभरात सत्त्याण्णव. सत्त्याण्णव! सरकारच्या पत्राला एवढी माणसं मिळत नाहीत. आणि अकरा उत्तरं, अकराही 'अवश्य येतो'."

"आणि आले किती?"

आवटींनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं.

"भावजी, कीर्तनाला सत्त्याण्णव टक्के लोक असते आणि 'बोला' म्हटल्यावर एकाही तोंडातून आवाज निघाला नसता, तर बुवांनी काय म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं, सभा झोपली आहे."

"किंवा सभाच नाही," शालनताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात किडा वळवळू लागला. त्याआधीच्या महिन्यांचे आकडेही त्यांनी आठवून पाहिले. सगळे गोडच. दर महिन्याला आधीपेक्षा थोडे अधिक गोड, जसं एखादं सोंग हळूहळू अंगात मुरावं. आणि मंडळातली गर्दी मात्र दर महिन्याला थोडी अधिक विरळ.

पत्रांची व्यवस्था अशी होती. एका संस्थेनं एकदम हजारो पत्रं स्वतःच्या यंत्रावरून सोडली, तर मेलवाल्या कंपन्या तिला फालतू जाहिरातबाज समजून दार लावून घेतात. म्हणून संस्था मधल्या एखाद्या कंपनीकडं यादी देतात. त्या कंपनीची यंत्रं असतात आणि त्या यंत्रांची बाजारात पत असते. मंडळाच्या मधल्या कंपनीचं नाव दूतमाला. ती नुसती पत्रं पोहोचवत नसे. शालनताईंचं एक पत्र घेऊन तिचं यंत्र माणसागणिक त्याचं वेगळं रूप करी. कुणाला दोन ओळी, कुणाला गोष्ट, कुणाला सकाळी, कुणाला जेवण झाल्यावर. ज्या रूपाला 'हो' मिळे ते पुढच्या वेळी अधिक वापरायचं, ज्याला मिळत नसे ते टाकून द्यायचं. असं चाखत चाखत ते यंत्र शिके. आणि कायदा असा झाला होता की दात्याचा फोन, घर, काहीच संस्थेनं ठेवायचं नाही. फक्त मेलचा पत्ता. म्हणजे मंडळ आणि त्याची माणसं यांच्यामध्ये दूतमालेशिवाय दुसरा पूलच नव्हता.

हे सगळं आवटींनी आणलं होतं. त्यामुळं रात्रीतून किडा आवटींच्या दिशेनं सरकला. आकडे तेच दाखवतात. उत्तरं तेच वाचतात. मग लिहितंही तेच कशावरून नाहीत? म्हातारपणी माणसाला कौतुकाची भूक लागते. दुसऱ्या दिवशी आवटी चहा करायला आत गेले तेव्हा शालनताईंनी स्वतः उत्तरं उघडली. अकरांतली पहिली वाचली, दुसरी वाचली. भाषा सगळ्यांची साखरेच्या पाकातली. सातव्या उत्तरावर त्यांचा हात थांबला.

'आपलं पत्र वाचून मन भरून आलं. रक्तदानाला अवश्य येतो. प्रकृतीस जपावं. रामचंद्र कुंभोजकर.'

आवटी दोन कप घेऊन आले, तर शालनताई पडद्यावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"हे कुणी लिहिलं?"

आवटींनी वाकून वाचलं. कप टेबलावर ठेवताना चहा सांडला. "वहिनी, हे... बसा आधी. हे मी लिहिलेलं नाही. पण लावलं मीच होतं, म्हणजे बुवांनीच..."

"बुवांचं नाव घेऊ नका! सहा वर्षं झाली माणूस जाऊन. त्यांच्या नावानं 'अवश्य येतो' लिहायला तुमचा हात कसा उचलला? आकडे फुगवायला दुसरं मढं मिळालं नाही?"

"ऐकून तरी घ्या."

"काय ऐकू? उद्या त्या पोरीचं काही झालं तर तिच्या अब्बांना हे सत्त्याण्णव टक्के दाखवू?"

आवटींचा चेहरा उतरला. खिशातून त्यांनी खोलीची किल्ली काढली, बुवांच्या फोटोखाली ठेवली. दारात थांबून एवढंच म्हणाले, "वर्षापूर्वी मी म्हटलं होतं, यादीतली गेलेली माणसं काढा. तुम्ही म्हणालात, भावजी, तुम्ही हिशेबी झालात. तेव्हाही ऐकून घेतलं नव्हतंत." आणि जिना उतरून गेले.

शालनताईंनी त्या वाक्याचा अर्थ लावला नाही. रागात माणूस ऐकतो ते फक्त आवाज. त्यांनी ठरवलं, आता कुणाच्या आकड्यावर भरवसा नको. अकरांपैकी एकाचं घर त्यांना बुवांमुळं ठाऊक होतं: गडहिंग्लजचा इराप्पा नाईक, बँडवाला. त्याच्या गावच्या उत्सवात बुवांचं कीर्तन झालं होतं आणि क्लॅरिनेटची साथ इराप्पानं केली होती. सकाळची एसटी धरली.

इराप्पा अंगणात पोरांकडून वरातीची धून घोटून घेत होता. शालनताईंना पाहून त्यानं बँड थांबवला, पण मागचा ढोलवाला भान नसल्यासारखा वाजवतच राहिला.

"अगं अक्का! न सांगता? एऽऽ, बास कर की रे! पाहुण्या आल्यात."

"सांगून तर तू आला नाहीस, म्हणून न सांगता मी आले," शालनताई म्हणाल्या. त्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते, खोटं कुठून डोकावतं ते पाहत. "रक्ताला येतो म्हणालास, कुठं होतास?"

"कधी म्हणालो? मला काय पत्र आलंच नाही. बुवा गेल्यापासनं मंडळानं आमाला टाकलंच की. मी तर बायकोला म्हटलं, अक्कांना आता आमची गरज नाही."

"तुझं उत्तर आहे माझ्याकडं. 'मन भरून आलं' म्हणून."

इराप्पा हसू लागला. "अक्का, मी 'मन भरून आलं' असं जन्मात बोललो असंन का? पोट भरलं म्हणतो मी." मग एकदम त्याचं हसू थांबलं. "थांबा. हे आमच्या कारकुनाचं काम दिसतंय."

त्या काळी प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एक कारकून असे. माणूस नव्हे, यंत्रच. दिवसाला शेकडो पत्रं येत, फोन येत. वाचणार कोण आणि उचलणार कोण? कारकून सगळं उघडी, छाननी करी, मालकाला लागेल तेवढंच पुढं ठेवी, बाकीच्यांना परस्पर उत्तर देई. इराप्पा म्हणे, "सरकारी नाही ना, म्हणून वेळच्या वेळी करतो."

त्यानं फोन टेबलावर ठेवला. "काय रे, मंडळाची पत्रं येत्यात का?"

फोनमधून नम्र आवाज आला. "दर महिन्याला येतात. मागच्या कप्प्यात पडतात, म्हणून आपल्यापुढं ठेवत नाही."

"मागच्या का?"

"पाठवणाऱ्याची पत घसरलेली आहे. या संस्थेकडून मृत पत्त्यांवर पत्रं जातात, अशी नोंद आहे."

शालनताई पुढं झुकल्या. "मग 'अवश्य येतो' असं का लिहिलंस?"

"नाही म्हटलं तर पुन्हा विनंती येते. गप्प राहिलं तर आठवण येते. येतो म्हटलं की त्या महिन्यापुरती पत्रं थांबतात. मालकांना त्रास होत नाही."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. एका बाजूला दूतमालेचं यंत्र. त्याला 'हो' हवं. दुसऱ्या बाजूला कारकून. त्याला शांतता हवी. चाखत चाखत दोघांनाही कळलं होतं, कसं लिहिलं की काय मिळतं. पत्र दिवसेंदिवस कारकुनाला आवडेल असं होत गेलं, उत्तर दिवसेंदिवस दूतमालेला आवडेल असं. दोघांचं इतकं छान जमलं की मधल्या माणसांची गरजच उरली नाही. कुणी कट केला नव्हता. कुणाच्या मनात पाप नव्हतं, कारण मनच नव्हतं. म्हणून तर अंगावर काटा येतो.

शालनताईंच्याही आला. या गोड आवाजाला कुठं काही हद्द आहे की नाही? त्या सहज विचारल्यासारखं बोलल्या, "बरं, एवढं सांग. बुवांच्या कीर्तनात तुझ्या मालकानं कुणाचं नाव दिलं होतं?"

फोन तशाच नम्र आवाजात म्हणाला, "ते मला माहीत नाही. घरच्या माणसांविषयी मी मनानं काही सांगत नाही. मालकांना विचारतो." आणि खरोखरच, जिथं बसला होता तिथंच, इराप्पाच्या पुढ्यात प्रश्न उजळला: आपण कुणाचं नाव दिलं होतं?

इराप्पानं ती अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचली. "धोंडूबाई," तो म्हणाला. "माझी आत्या. तिनंच मला वाजवायला घातलं." मग उठून आत गेला आणि अंगात सदरा घालत बाहेर आला. "चला अक्का. आजच येतो. वरातीला उद्या जाईन, थोडा बेसूर वाजवीन, कोण नाव ठेवतंय."

एक पिशवी झाली. तीन राहिल्या. आणि डॉक्टरांचा निरोप आला होता की आता आठवड्यापलीकडं थांबता येणार नाही.

शालनताई आवटींच्या दारात गेल्या तेव्हा ते पायरीवर बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"भावजी, मी चुकले म्हणायला आलेय. बसा म्हणा, नाहीतर उभ्याउभ्या म्हणेन."

"बसा," आवटी म्हणाले. "पण पायरीला ओल आहे, पातळ खराब होईल." एवढं बोलल्यावर त्यांच्यानं राग धरवेना. "बुवा शेवटी आजारी होते ना, डोळे गेले होते. मला म्हणाले, विश्वासा, कुणाचं पत्र बिनउत्तराचं राहू देऊ नकोस. म्हणून मी कारकून लावून दिला. नंतर बंद करायचं सुचलं नाही. खरं सांगू? सुचलं, पण हात धजला नाही."

"आणि इराप्पाचा कारकून म्हणाला, आपली पत्रं मृत पत्त्यांवर जातात. ती भानगड काय?"

"माणूस गेला की पेटी काही वर्षं पडून राहते. मग मेलवाले ती बंद करतात, आणि काही पेट्या गुपचूप पुन्हा उघडतात. सापळा म्हणून. कारण तो पत्ता जिवंत माणूस कुणाला देणं शक्यच नाही. मग तिथं पत्र टाकतो तो कोण? ज्याला माणूस जिवंत आहे की मेला याची फिकीर नाही, तो. अशा सापळ्यांत आपली पत्रं वर्षानुवर्षं पडताहेत, वहिनी. दूतमालेनं आपल्याला कधीच मागच्या रस्त्यावर, पत नसलेल्या यंत्रांवर ढकललंय. हे मला पुरतं आजपर्यंत उमगलं नव्हतं. मीही सत्त्याण्णव टक्क्यांवर भुललो होतो."

"फिकीर नाही," शालनताई पुटपुटल्या. "आपण तर फिकीर होती म्हणून पाठवत होतो."

"यंत्राला ते कळायला यंत्रानं कुणाला तरी स्मशानात पोचवून यायला हवं."

दोघं तसेच मंडळात आले. आवटींनी किल्ली फोटोखालून उचलली. यादी समोर आली. गेलेली माणसं काढायची म्हणजे शालनताईंना पुन्हा एकदा खांदा देण्यासारखं होतं. पण गल्लीतून नाझनीनच्या अब्बांच्या तारेचा आवाज येत होता; तार सारखी सारखी लावत होते बिचारे, ती लागतच नव्हती.

"मी नाव म्हणते," शालनताई म्हणाल्या. "तुम्ही ऐका, मागून म्हणा, आणि मग काढा. नुसतं काढायचं नाही."

तसं केलं त्यांनी. एकेक नाव बुवांच्या चालीत घेतलं, आवटींनी टाळ धरला, आणि मग बोट टेकवलं. शेवटी एकच राहिलं. आवटींचं बोट तिथं अडलं.

"हे बुवांचं."

"ती पेटी सापळा नाही ना? उत्तर देतेय ना अजून?"

"देतेय."

"मग राहू दे. एकदाच."

आणि याच वेळी शालनताईंना इराप्पाच्या पुढ्यात उजळलेला प्रश्न आठवला. त्यांनी दूतमालेला बजावलं की माझ्या पत्राचा एक शब्द बदलायचा नाही, रूप करायचं नाही, गोड करायचं नाही. पत्र असं होतं:

'मी शालन कुंभोजकर. गल्लीतली एक पोर बाळंत व्हायची आहे, तिला तुमच्यासारखं रक्त हवं. पण आधी मध्यंतराचं राहिलंय ते सांगा. तुमच्या घरातलं जे माणूस आज असायला हवं होतं, त्याचं नाव काय? नाव कळवा. मी ते घेते, मग तुम्ही या.'

"कारकून याला काय उत्तर देणार?" आवटी म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले.

"देऊ शकणार नाही. विचारायला जावं लागेल त्याला."

दोन दिवस काहीच आलं नाही. आवटी पडद्याकडं बघत वाट पाहत होते, शालनताई पडद्याकडं न बघता. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उत्तर आलं, चुका असलेलं, घाईत लिहिलेलं: 'माझा भाऊ बंडू. ट्रकवर होता. ताई तुम्ही अजून आहात?? मला वाटलं मंडळ बंद पडलं.' मग चिक्कोडीच्या एका बाईनं सासूचं नाव कळवलं, आणि खाली लिहिलं की भांडायचो आम्ही, पण घ्या नाव. मग आणखी. बहुतेक पत्रांत पाकाचा थेंब नव्हता. कुणी रागावलं होतं, कुणी रडलं होतं, एकानं तर विचारलं, हे खरंच तुम्हीच आहात ना, की यंत्र? शालनताईंना तो माणूस सगळ्यांत आवडला.

बुधवारी खोलीत बसायला जागा नव्हती. बंडूचा भाऊ आला, चिक्कोडीची बाई नवऱ्याला घेऊन आली. इराप्पा रक्त देऊन मोकळा होता, तरी क्लॅरिनेट घेऊन आला आणि गर्दी पाहून म्हणाला, "अक्का, हे सत्त्याण्णव टक्के नाहीत, हे शंभर." दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारलं गेलं, त्याचं नव्हे, त्याच्या माणसाचं. लाडू पुरले नाहीत.

नाझनीनला रक्त लागलं, पुष्कळ लागलं, आणि ते तिथं होतं. मुलगी झाली. तिच्या अब्बांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा तार पहिल्या झटक्यात लागली.

सगळं पार पडल्यावर एका संथ दुपारी शालनताई आणि आवटी खोलीत बसले होते. उत्तरं लावून ठेवायचं काम चाललं होतं. शालनताईंनी मधेच विचारलं, "बुवांचं आलं का हो?"

आवटींनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "नाही, वहिनी."

सहा वर्षं दर महिन्याला आलेलं उत्तर त्या एका पत्राला आलं नव्हतं. कारकून मालकाला विचारायला गेला होता, आणि मालक कुठंच सापडत नव्हता.

शालनताई फोटोकडं वळल्या. इतकी वर्षं त्या नावाचं पान वाढलेलं होतं, आणि कुणीतरी दुसरंच येऊन मुकाट्यानं चार घास खाऊन जात होतं. आज पान तसंच राहिलं. "लग्नानंतर पहिल्यांदाच मी विचारलं आणि यांनी उत्तर दिलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. "खरं उत्तर हेच की हो."

"काढू नाव?"

"आधी त्या कारकुनाला रजा द्या. बिचारा अजून दारात उभा असेल, प्रश्न घेऊन." मग त्यांनी बुवांच्या चालीत बुवांचं नाव घेतलं. आवटींनी मागून म्हटलं आणि बोट टेकवलं.

तेव्हापासून मंडळाच्या यादीत फक्त जिवंत माणसं असतात. गेलेली माणसं तोंडात असतात. आवटींना अजून धास्ती आहे की उद्या कारकून नावंसुद्धा बनवायला शिकतील. शालनताईंनाही आहे. म्हणून पत्र पाठवून झालं तरी त्या वर्षातून एकदा एसटीनं फिरतात, आल्यागेल्यांनी तोंडी सांगितलेली दारं वाजवतात, आणि उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतात.

तर मंडळी, गोष्ट इथं थांबली. आता एक मागणं. रामचंद्रबुवा कुंभोजकर हे नाव आता कुठल्याही यादीत नाही, त्या नावावर पत्र टाकलं तर कुणी उघडणार नाही. ते तुम्ही आठवणीत ठेवा. फोनला सांगून ठेवू नका, लिहूनही ठेवू नका. आत्ता, इथं, शेजारच्याला ऐकू जाईल असं, आपल्या तोंडानं एकदा म्हणा.